साठ मीटरची रेघ : दख्खनच्या कातळातल्या पाण्याची पार्श्वभूमी

सरकारी कागदांत दोन शब्द वेगळे आहेत. कातळात खोदतात ती विंधन विहीर, नदीच्या गाळात उतरवतात ती कूपनलिका. गावात दोन्हींना बोअरच म्हणतात. पुढे कायद्यानेही विहिरीच्या खोलीवर साठ मीटरची मर्यादा घालताना हा फरक धरला नाही, आणि या मर्यादेवरच्या वादाचे मूळ तिथेच आहे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग व्यापला आहे. त्यात पाणी मुरते ते मुरमात, मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडकात आणि फटींत. अखंड काळा पाषाण जवळजवळ कोरडाच. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या उथळ, ऐसपैस विहीर आणि तिच्यावर मोट एवढ्यावर भागले.

१९७२च्या दुष्काळात हे बदलले. परदेशी मदतीतून आलेली, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे भराभर कातळ फोडू लागली आणि गावोगाव हापसे उभे राहिले. ही सगळी धडपड पिण्याच्या पाण्यासाठी होती. मग सबमर्सिबल पंप आले, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरगाड्या शिवारात फिरू लागल्या, आणि ऊस, मोसंबी, डाळिंबासाठी खोलीची चढाओढ लागली. शेजाऱ्याने दोनशे फूट मारले की आपण तीनशे.

१९९३च्या कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्याला मनाई केली. तो फारसा कुणाला जाचला नाही, कारण तो फारसा कुणी पाळलाच नाही. २००९चा भूजल कायदा अमलात यायला २०१४ उजाडले. त्यात साठ मीटर किंवा त्याहून जास्त खोलीची ती 'खोल विहीर' ठरली आणि अधिसूचित, म्हणजे सरकारने तसे जाहीर केलेल्या क्षेत्रात शेती-उद्योगासाठी तशी नवी विहीर घ्यायला बंदी आली. बेसॉल्टपुरती, म्हणजे लाव्ह्याच्या या कातळापुरती, ही रेघ समजण्यासारखी आहे. तिथे त्याखाली लागते ते बहुधा जुने, सावकाश भरणारे पाणी. पण तापी-पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचेच थर शेकडो मीटर जाडीचे आहेत. रावेर-यावलच्या केळीवाल्याची कूपनलिका साठ मीटरवर थांबली तर ती कोरडीच राहायची. कातळाला आणि गाळाला एकच माप लावणे सोयीचे होते, शास्त्राचे नव्हते.

२०१८मध्ये या कायद्याच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी निघाला, तेव्हा गावाकडे चर्चा झाली ती विहिरींच्या नोंदणीची आणि खोल विहिरींवरच्या उपकराची. खोली कोण मोजणार, असेही विचारले गेले. खरे तर बोअरचा भाव फुटावर ठरतो, म्हणजे नेमका आकडा गाडीवाल्याच्या बिलावर असतोच.