पिक्चर ट्यूबचा टीव्ही (बेळगाव सीमाभाग)

ऋणकिरण नलिकेच्या (सीआरटी) काचेवर चित्र उमटवणारा दूरचित्रवाणी संच. बोलीत ‘डबा टीव्ही’. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या मराठी घरांत १९८०च्या दशकापासून टीव्ही म्हणजे हाच संच होता. पुढे एलसीडी आणि मग एलईडी टीव्हीने त्याची जागा घेतली. मधल्या काळात आलेला प्लाझ्मा मोठ्या पडद्याचा आणि महाग असल्याने निवडक घरांपलीकडे गेला नाही. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये, तर सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर केले.

नलिकेचा शोध कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये लावला. नळीच्या मानेतली गन इलेक्ट्रॉन सोडते, मानेभोवतीची तांब्याच्या तारेची योक त्यांना आडवे-उभे वळवते आणि पडद्याच्या आतल्या फॉस्फरवर ते आदळले की उजेड पडतो. भारतातल्या पाल या प्रक्षेपण पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येक ६२५ रेषांची. रंगीत संचात इलेक्ट्रॉन पडद्याकडे खेचायला सुमारे २५,००० व्होल्ट लागतात. ते तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला दुरुस्तीवाले एलओटी किंवा ईएचटी म्हणतात. उच्च दाब धूळ ओढून घेतो आणि पावसाळी दमटपणात त्या धुळीतून ठिणग्या उडतात. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात हा बिघाड न होता तरच नवल. हा दाब नळीत नेणाऱ्या तारेच्या टोकाची रबरी टोपी काढून स्पिरिटने पुसायची, वाळवायची आणि परत बसवायची, एवढाच त्यावर इलाज. मात्र हात घालण्यापूर्वी नळीत साठलेला दाब उतरवावा लागे. संच बंद असला तरी तो झटका देतो.

दूरदर्शनच्या काळात प्रश्न चित्राइतकाच भाषेचाही होता. कर्नाटकातल्या प्रक्षेपकांवरून प्रादेशिक कार्यक्रम येत ते कन्नडमधून. महाराष्ट्राच्या बाजूचा संकेत जिथे पोहोचत असे तिथे मराठी घरे अँटेना तिकडे वळवत, बूस्टर लावत आणि मुंग्यांनी भरलेल्या चित्रावर समाधान मानत. एक जण छपरावर आणि दुसरा खिडकीतून ‘आलं, आलं, गेलं’ ओरडणारा, ही जोडी त्या काळी घरोघरी असे. उपग्रह आणि केबलने हा प्रश्न सोडवला. मुंबई दूरदर्शनची मराठी वाहिनी १९९४ मध्ये उपग्रहावर आली (२००० पासून ‘सह्याद्री’), खासगी ‘अल्फा मराठी’ १९९९ मध्ये आणि ‘ई टीव्ही मराठी’ २००० मध्ये. सीमाभागात मराठी कार्यक्रम स्वच्छ दिसू लागले ते याच डबा टीव्हीवर. त्याच्याविषयीची इथली आपुलकी बहुधा त्यातून आली असावी.

जगात एलसीडीची विक्री नलिका-संचांच्या पुढे गेली ती २००७ च्या अखेरीस, आणि सोनीने १९६८ पासूनची ट्रिनिट्रॉन ही आपली रंगीत नळी २००८ मध्ये थांबवली. घरातला संच मात्र त्यानंतरही बरीच वर्षे चालला, कारण तो दुरुस्त होत असे. नळी ‘डाऊन’ झाली, म्हणजे चित्र अंधुक आणि उशिरा येऊ लागले, की कारागीर एलओटीच्या गाभ्यावर तारेचे वेढे टाकून गन तापवणाऱ्या फिलामेंटचा ६.३ व्होल्टचा पुरवठा थोडा वाढवे. याला नळी ‘बूस्ट’ करणे म्हणत. तेही भागेना झाले की गन बदलून आणलेली नळी बसे. मूळ बोर्ड गेला तर ‘चायना किट’ म्हणून मिळणारा तयार बोर्ड जुन्याच डब्यात बसवून वर रिमोटही हाती दिला जाई. अशा संचात मूळ कंपनीचे म्हणून केवळ डब्यावरचे नाव उरे. डिजिटायझेशननेही त्याला मारले नाही, उलट आयुष्य वाढवले. मार्च २०१७ पर्यंत ग्रामीण केबलही डिजिटल करायची होती. तेव्हा आलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना जुन्या संचांत सहज बसत. केबल न पोहोचलेल्या वाड्यांना दूरदर्शनची डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली मोफत डिश होती. तिचा बॉक्सही डबा टीव्हीला चाले.

अखेर त्याला अडचणीत आणले ते पडद्याच्या आकाराने. वाहिन्या १६:९ मापात गेल्या आणि ४:३च्या २१ इंची काचेवर वर-खाली काळे पट्टे येऊन चित्र आक्रसले, बातम्यांची सरकती पट्टी वाचता येईना. चित्र मोठे करून पडदा भरला तर दोन्ही कडांची अक्षरे कापली जात. त्याच सुमारास ३२ इंची एलईडी आवाक्यात आला. २१ इंची डब्याचे वजन वीसेक किलो, वीज ७० ते १०० वॅट. ३२ इंची एलईडीचे वजन त्याच्या पाव-तिसरा हिस्सा आणि वीजही निम्म्याच्या आसपास. नळ्यांचे उत्पादन थांबल्यावर सुटे भाग जुन्या संचांतून काढूनच मिळू लागले. शोकेसचा खोल खण रिकामा झाला आणि टीव्ही भिंतीवर गेला.

नव्या संचात दुरुस्तीचे काम संपले नाही, पण आखडले. पडद्यामागून उजेड देणारी बॅकलाइटची पट्टी बदलता येते, पॉवर सप्लाय सुधारता येतो. पॅनल तडकले की मात्र खर्च नव्या संचाच्या जवळपास जातो आणि गिऱ्हाईक हिशेब करून परत फिरते. त्यामुळे दुरुस्तीवाल्यांना डिश बसवणे, सीसीटीव्ही, मोबाइल अशा कामांकडे वळावे लागले.

निकाली निघालेल्या संचाचे काय करायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. भंगारवाल्याला योक आणि डिगॉसिंग कॉइल (पडद्यावरचे रंगांचे डाग घालवणारे तारेचे वेटोळे) यांतले तांबे हवे असते. काच नको असते. रंगीत नळीच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या भागात शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर असते, म्हणून ती साध्या काचेत मिसळता येत नाही. ई-कचऱ्याचे नियम २०११ मध्ये झाले, मे २०१२ पासून लागू झाले, आणि संच परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. पण इथल्या माळ्यांवर पडून असलेल्या अनेक संचांचे उत्पादक आज धंद्यातच नाहीत.