कोड एडिटरमधील टर्मिनल फॉन्ट

कोड एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) प्रॉम्प्टचे (आज्ञेआधी दिसणाऱ्या ओळीचे) बाण, गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) शाखेची खूण, फोल्डरची चित्रे नीट उमटावीत म्हणून पॉवरलाइन किंवा नर्ड फॉन्ट या जादा चिन्हे असलेल्या घराण्यांतला फॉन्ट बसवण्याची पद्धत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथल्या लॅबमध्ये आणि होस्टेलच्या लॅपटॉपवर झेडशेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा ‘शेल’ प्रोग्राम) सजवणाऱ्या मुलांची नेहमीची तक्रार एकच असते : ‘नुसते चौकोन दिसतात.’

या खुणा युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) खासगी वापराच्या पट्ट्यात येतात. मुख्य पट्ट्यात अशा ६,४०० जागा आहेत. शाखेची खूण यू+ई०ए० वर असते. तिथे काय काढायचे हे युनिकोड सांगत नाही, ज्याचा त्याचा फॉन्ट ठरवतो. तालुक्याच्या गावी डीटीपी करणाऱ्याला हे नवे नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा काला दिसतो. इथे चौकोन दिसतो, एवढाच फरक.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो फॉन्ट भलत्याच यंत्रावर बसवण्यात. चित्र काढतो एडिटर, शेल नव्हे. म्हणून विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत उबुंटूसारखे लिनक्स चालवण्याची सोय) चालवणाऱ्याने फॉन्ट उबुंटूत टाकून काही साधत नाही, तो विंडोजमध्येच हवा. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर काम करतानाही फॉन्ट समोरच्या लॅपटॉपवरच लागतो. लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड मिळत नसेल तर लिनक्सवर होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये फाइल ठेवून ‘एफसी-कॅश’ ही फॉन्टची यादी ताजी करणारी आज्ञा चालवली की भागते.

व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडावीत आणि टर्मिनलची ‘फॉन्ट फॅमिली’ शोधावी. रकाना रिकामा असेल तर एडिटरचाच फॉन्ट टर्मिनललाही लागतो. इथे फाइलचे नाव चालत नाही. फॉन्ट उघडल्यावर दिसणारे घराण्याचे नाव रोमन लिपीत जसेच्या तसे लिहावे, नावात मोकळी जागा असल्यास अवतरणात. मग एडिटर बंद करून पुन्हा उघडावा. चित्रे कापली जात असतील किंवा शेजारच्या अक्षरावर चढत असतील तर त्याच फॉन्टचा ‘मोनो’ प्रकार घ्यावा.

बाण दिसला म्हणजे फॉन्ट लागला, असे मात्र नाही. चौकटीच्या रेषा आणि पॉवरलाइनचे काही त्रिकोण हा एडिटर फॉन्टला न विचारता स्वतःच काढतो, त्यामुळे बाण झकास आणि शेजारी चौकोन असे दृश्य दिसू शकते. दुसरा चकवा जुन्या थीमचा (प्रॉम्प्टच्या सजावटीच्या तयार साच्याचा). नर्ड फॉन्टच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०२३) मटेरियल डिझाइनच्या चिन्हांचे जुने क्रमांक काढून टाकले, म्हणून फॉन्ट नवा आणि थीम जुनी असली की चौकोन परत येतात.

देवनागरीचा प्रश्न यातून सुटत नाही. टर्मिनल अक्षरे ठरावीक रुंदीच्या घरांत मांडते, त्यामुळे ‘हिंगोली’ नावाच्या फोल्डरची वेलांटी आणि अनुस्वार जागा सोडू शकतात. हेच नाव एडिटरच्या डावीकडच्या फाइलयादीत नीट जुळून येते, कारण ती यादी क्रोमियम (एडिटरच्या आतला ब्राउझरचा गाभा) रंगवतो आणि त्याला घरांचे बंधन नसते.