प्राचीन इजिप्तमधला पेहराव आणि साजशृंगार

प्राचीन इजिप्तचे लोक काय घालायचे हे आपल्याला माहितीये असंच वाटतं, कारण थडग्यांच्या भिंतींवरची ती चित्रं सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेली असतात. पुरुषांच्या कमरेला पांढरंशुभ्र वस्त्र, बायकांचा अंगाला चिकटलेला लांब झगा, गळ्यात रुंद हार. पण तिथल्या कोरड्या वाळूत खरे कपडेसुद्धा टिकलेत, आणि ते चित्रांशी दरवेळी जुळतातच असं नाही.

सगळ्यात जुना नमुना म्हणजे तारखान ड्रेस. कैरोच्या दक्षिणेला साधारण ५० किमीवर तारखानची दफनभूमी आहे, तिथे फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९१३ मध्ये खोदकाम केलं आणि मळक्या कापडांचं एक गाठोडं लंडनला नेलं. ते तसंच पडून राहिलं, १९७७ मध्ये सफाईसाठी उघडलं तेव्हा आत बाह्यांना आणि खांद्याला बारीक चुण्या घातलेला अंगरखा निघाला! कार्बन डेटिंगनुसार तो इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ मधला. उलटा झालेला होता, आणि कोपराशी नि काखेत वापराच्या सुरकुत्या, म्हणजे कुणीतरी तो खरंच अंगात घालून डोक्यावरून ओढून काढलेला.

कापड जवळजवळ सगळं लिननच, म्हणजे जवसाच्या झाडाच्या सालीतल्या धाग्यांचं. आज ‘इजिप्शियन कॉटन’च्या चादरी महाग विकतात पण फॅरोंच्या, म्हणजे तिथल्या प्राचीन राजांच्या, काळात तिथे कापूस नव्हताच, त्या कापसाची मोठी शेती एकोणिसाव्या शतकातली. झाड हिरवं असताना उपटलं तर धागा मऊ आणि बारीक, पिकू दिलं तर दोरखंड-चटयांच्या लायकीचा. नाणी नव्हती त्यामुळे कापड मजुरीत आणि देवाणघेवाणीतही चालायचं. लिननवर रंग नीट चढत नाही, म्हणून पांढऱ्याचंच राज्य. लोकर वापरात होती पण देवळात चालायची नाही असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो, आणि पुजारी अंगावरचे सगळे केस काढून लिननच नेसायचे.

शिवणकाम म्हणाल तर फारच थोडं. एक लांब कापड दुमडायचं, बाजू शिवायच्या, डोक्यासाठी भोक पाडायचं की झाला ढगळ अंगरखा. चित्रातला तो टाईट झगा मात्र चित्रकारांनी बाईचा बांधा दिसावा म्हणून तसा काढलाय, तसाच्या तसा कपडा घालून चालून दाखवा म्हणावं! लहान मुलंही चित्रांत नागडी दिसतात, पण १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामुन राजाच्या थडग्यात त्याचे लहानपणाचे कपडे निघाले, शिवाय हातमोजे आणि सुमारे १४५ लंगोट. वाळवंटातली रात्र गार असते, राजालाही थंडी वाजणारच.

धुणं हे पुरुष परटांचं काम, नदीकाठी, मगरींच्या शेजारी. देर अल-मदिना या कारागिरांच्या गावात परटाच्या हिशोबाच्या खापऱ्या सापडल्यात, काहींवर कपड्यांची नुसती चित्रं काढलेली, अक्षरओळख नसली तरी चालेल अशी सोय.

दागिने मात्र दोघांचेही, बाया-पुरुष असा भेद नाही. रुंद हार इतका जड व्हायचा की तोल सांभाळायला पाठीवर वजनाचा लटकन लागे. सोनं दक्षिणेकडच्या नूबियातून आणि पूर्वेच्या वाळवंटातून, फिरोजा सिनाईतून, लॅपिस लाझुली हा गडद निळा दगड थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. ज्याला हे परवडत नाही त्याच्यासाठी फायन्स, म्हणजे गारगोटीच्या पुडीला आकार देऊन भाजलेले चकचकीत निळे-हिरवे मणी. खऱ्या फुलापानांचे हारही होते, तुतनखामुनच्या अंत्यविधीतले टिकून राहिलेत.

काजळ पुरुषही लावायचे. आधी मॅलकाइटचं हिरवं, म्हणजे तांब्याचं खनिज, नंतर गॅलिनाचं काळं, म्हणजे शिशाचं खनिज, आपल्याकडच्या सुरम्यातही पारंपरिकपणे तेच असायचं. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातल्या जुन्या डब्यांमधली पूड तपासली तर निसर्गात फार क्वचित मिळणारे शिशाचे क्षार आढळले, म्हणजे ते मुद्दाम बनवलेले होते. उन्हाच्या झळेसाठी असेल, डोळे येऊ नयेत म्हणून असेल, पण नुसती फॅशन नव्हती.

डोक्याला माणसाच्या केसांचे विग, मेण लावून बसवलेले, आणि गंगावनं. मेजवानीच्या चित्रांत पाहुण्यांच्या डोक्यावर पांढुरके शंकू दिसतात, ते म्हणे सुगंधी चरबीचे, पण जमिनीत एकही सापडत नसल्यामुळे बऱ्याच अभ्यासकांनी ती नुसती चित्रकाराची खूण ठरवली होती. मग अमार्ना या प्राचीन शहराच्या साध्या लोकांच्या दफनभूमीत दोन सांगाड्यांच्या डोक्यावर मेणाचे शंकू निघाले, २०१९ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. झग्याच्या बाबतीत सूट घेणारा चित्रकार इथे खरं काढत होता, आणि शंकू मिळाले ते मेजवान्या झोडणाऱ्या बड्यांच्या नाही, कष्टकऱ्यांच्या डोक्यावर.