मळई आणि पाणथळ: एकाच पुराने घडवलेल्या दोन जमिनी

कोकणात नदीकाठच्या कोणत्याही सपाट शेताला सरसकट ‘गाळाची जमीन’ म्हणून टाकण्याची सवय आहे. वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री, काजळी, गड किंवा कर्ली यांपैकी कोणत्याही नदीच्या काठावरून डोंगराच्या पायथ्याकडे चालत निघालो, तर काहीशे पावलांतच दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या जमिनी आपल्या पायांखालून जातात. पहिली काठालगतची, किंचित उंच, पाण्याचा चांगला निचरा होणारी. तिला या लेखात मी मळई म्हणतो. दुसरी तिच्या मागची, थोडी खोलगट, दिवाळी उलटून गेल्यावरही पाय रुतणारी, ती पाणथळ. ही नावे तालुक्यागणिक थोडीफार बदलतात, पण भेद सगळीकडे तोच आहे. श्रावणात दोन्हींत भात उभे असते आणि दोन्ही सारख्याच हिरव्यागार दिसतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाची, आणि कधी कधी वारसाहक्काने जमीन मिळालेल्या घरच्या माणसाचीही, गफलत होते.

या दोन्ही जमिनी एकाच पुराने आणलेल्या गाळाच्या आहेत, तरी त्या वेगळ्या का, याचे उत्तर पुराचे पाणी काठ ओलांडते त्या क्षणात आहे. पात्रातून वेगाने धावणारे पाणी काठावरून पसरले की त्याची खोली आणि वेग एकदम कमी होतो, आणि त्याने उचलून आणलेले जड कण तिथल्या तिथे खाली बसतात. संथ पाण्यात ०.१ मिमी जाडीचा बारीक वाळूचा कण एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटे घेतो, ०.०१ मिमीच्या पोयट्याच्या कणाला सुमारे तीन तास लागतात, आणि ०.००२ मिमीच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवस. म्हणून वाळू आणि जाडसर पोयटा काठावरच राहतो आणि दर पुराला तिथे थोडा थोडा उंचवटा चढत जातो. बारीक चिकणमाती मात्र पाण्याबरोबर मागच्या खोलगट भागात जाते आणि पाणी तिथे दिवसचे दिवस तुंबून राहिले की सावकाश तळाशी बसते. नदीपासून दूर गेले की जमीन उंच होत जाणार, असे आपण गृहीत धरतो. पूरमैदानात पहिल्या टप्प्यावर नेमके उलटे घडते.

कोकणात या सर्वसाधारण नियमाला आणखी एक गोष्ट येऊन मिळते आणि माझ्या मते तीच निर्णायक ठरते. आपल्या डोंगरांच्या आणि सड्यांच्या माथ्यावर जांभा आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे चार महिन्यांचा पाऊस पोटात घेतो, पण त्याच्या खाली शेडीचा, म्हणजे चिकट मऊ मातीचा थर लागतो आणि त्यातून पाणी सहजी खाली उतरत नाही. मग ते आडवे सरकते आणि पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पायथ्याशी असते ती पाणथळच. म्हणजे तिला पुराचे पाणी समोरून मिळते आणि झऱ्याचे पाठीमागून, आणि नदी ओसरल्यानंतरही हा दुसरा पुरवठा कित्येक आठवडे चालू राहतो. वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतले जाणारे भात जिथे पिढ्यानपिढ्या होत आले आहे ती शेते बहुधा अशा पाझराच्या आधारानेच टिकलेली असतात. मळईला असा पाठीराखा नसतो. पात्रातली पातळी उतरू लागली की तिच्यातले पाणीही नदीकडे ओढले जाते.

कोणती जमीन कोणती, हे ओळखण्यासाठी कुदळीसारखे साधन नाही. भात कापून महिना-दोन महिने झाल्यावर दोन्ही ठिकाणी सुमारे सव्वा मीटर खोल खड्डा खणावा आणि सकाळच्या उन्हात त्याची एक बाजू खुरप्याने खरवडून साफ करावी. मळईच्या खड्ड्यात वरपासून खालपर्यंत तपकिरी किंवा तांबूस तपकिरी रंग दिसतो. नीट पाहिले तर त्यात बोटभर जाडीचे पट्टे असतात, एक वाळूचा, त्यावर एक पोयट्याचा, पुन्हा वाळूचा. एकेका मोठ्या पुराने टाकलेला एकेक पदर. दीड-दोन हात खाली कधी अचानक काळपट पट्टा लागतो आणि त्यात जुन्या मुळांचे धागे किंवा कोळशाचे कण सापडतात. ती पूर्वीच्या शेताची वरची माती असते, एखाद्या मोठ्या पुराने गाळाखाली गाडलेली. चिपळूण, खेड आणि महाडच्या परिसरात जुलै २०२१ च्या पुराने ज्या शेतांवर जाड थर टाकला, त्या शेतांच्या पोटातही आता असाच एक पट्टा तयार होत असणार.

पाणथळीचा खड्डा पहिल्या हातभर खोलीतच आपले रूप दाखवतो. माती राखाडी, कधी निळसर झाक असलेली, आणि त्या राखाडी अंगावर नारिंगी गंजाचे ठिपके. विशेषतः भाताच्या मुळांच्या नळ्यांभोवती गंजाचे बारीक अस्तर. याचे कारण सरळ आहे. मातीची छिद्रे पाण्याने भरली की हवा आत जात नाही, उरलेला प्राणवायू सूक्ष्मजीव काही दिवसांत संपवतात, आणि त्यानंतर श्वसनासाठी ते नायट्रेट, मँगनीज आणि शेवटी लोह यांचा आधार घेतात. तांबडे लोह त्यामुळे विरघळणाऱ्या रूपात जाते आणि मातीचा रंग उतरतो. भाताचे मूळ मात्र पानांतून प्राणवायू खाली आणते, म्हणून मुळालगत ते लोह पुन्हा गंजते. अशा शेताच्या पाटात साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो आणि पंपाचे तेल सांडले असेल अशी शंका येते. काडीने तो डिवचावा: तेल असेल तर पुन्हा जुळून येते, लोहाचा तवंग मात्र काचेसारखा तुकड्यातुकड्यांत फुटतो.

रंगावरून निष्कर्ष काढताना तीन ठिकाणी हमखास चूक होते आणि मी स्वतः त्यांतल्या दोन केल्या आहेत. पहिली, रंग वारशाने आलेला आहे की जागेवर घडलेला, हे न पाहणे. सह्याद्रीच्या बेसाल्टमधून आलेली ताजी वाळू मुळातच करडी-काळपट असते. गंजाचे ठिपके नसतील तर केवळ त्या रंगावरून जमिनीला पाणथळ ठरवता येत नाही. उलट जांभ्याची माती इतकी लोहमय असते की ओल असूनही तिचा तांबडेपणा लवकर जात नाही. दुसरी चूक चिखलणीमुळे, म्हणजे लावणीआधी पाण्यात माती नांगरून चिखल करण्यामुळे होते. वर्षानुवर्षे चिखलणी केलेल्या भातखाचरात नांगराच्या तासाखाली एक दाबलेला कठीण थर बनतो आणि पावसाळ्यात त्याच्यावर पाणी उभे राहते, म्हणून वरची वीतभर माती राखाडी व गंजलेली दिसते. पण तो थर फोडून खाली गेले की स्वच्छ तपकिरी माती लागते. ही मळईच आहे, फक्त माणसाने वरून पाणी अडवलेली. खऱ्या पाणथळीत राखाडीपणा खाली जावे तसा वाढतो. आमच्या घरच्या शेतात वरच्या वीतभर मातीवरून मी एक चांगला तुकडा दोन वर्षे पाणथळ समजून रब्बीत पडीक ठेवला, याची खंत आजही वाटते.

तिसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती वाळूच्या बाबतीत होते. वाळूतून पाणी झपाट्याने उतरते म्हणून वाळूच्या प्रत्येक जमिनीचा निचरा चांगला, असे मानले जाते. पण निचरा म्हणजे केवळ मातीची झिरप नव्हे; मुळांच्या खोलीत पाणी किती काळ ठाण मांडून बसते, यावर निचऱ्याचा वर्ग ठरतो. वाशिष्ठीत भरतीचा प्रभाव गोवळकोटच्या बाजूपर्यंत जाणवतो, आणि अशा खाडीलगतच्या रेताड काठावर भरतीबरोबर भूजलही वर येते. तिथे माती कितीही मोकळी असली तरी उतरलेले पाणी जाणार कुठे? कागदावर जिला रेताड म्हणून ‘निचऱ्याची’ ठरवले जाते, ती जमीन प्रत्यक्षात पाणथळ असू शकते, आणि उन्हाळ्यात तिला खारेपणाही चढू शकतो.

शास्त्रीय वर्गीकरणात हा भेद फार वरच्या पायरीवरच केला जातो, यावरून त्याचे महत्त्व कळावे. अमेरिकन कृषी खात्याच्या पद्धतीत, जी भारतातील मृदा सर्वेक्षणातही वापरली जाते, अजून थरांची फारशी घडण न झालेल्या तरुण मातींचा ‘एंटिसॉल’ हा गण आहे. त्यातील निचऱ्याच्या पूरमातींना ‘फ्लुव्हेंट’ म्हणतात आणि तिथे एक सुंदर कसोटी लावली जाते: खोलीबरोबर सेंद्रिय कर्ब नियमितपणे कमी न होता वरखाली झाला पाहिजे, किंवा १२५ सेंमी खोलीवरही तो किमान ०.२ टक्के असला पाहिजे. गाडल्या गेलेल्या शेतांचे ते काळपट पट्टे या कसोटीतून आकड्यांत उतरतात. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण त्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. त्यामुळे या माती सर्वसाधारणपणे ‘उस्टिफ्लुव्हेंट’ या गटात बसतात. त्याच गणातील ओल्या पूरमाती मात्र वेगळ्या फांदीवर, ‘अ‍ॅक्वेंट’ मध्ये, ‘फ्लुव्हॅक्वेंट’ या नावाने जातात. पूर क्वचितच चढतो अशा जुन्या, उंच मळईत मातीची ढेकळे आणि रंग नीट घडलेले असले, तर ती ‘इन्सेप्टिसॉल’ या पुढच्या गणात ढकलली जाते. आंतरराष्ट्रीय मृदाशास्त्र संघाच्या संदर्भ-पद्धतीत, जिची चौथी आवृत्ती २०२२ साली निघाली, ओलाव्याची चाचणी आधी होते: जमीन ‘ग्लेसॉल’, म्हणजे पाण्याने दीर्घकाळ भरलेली, ठरली तर तिथेच थांबायचे, आणि त्या गाळणीतून पुढे आलेल्या गाळाच्या मातीलाच ‘फ्लुव्हिसॉल’ हे नाव मिळते. दोन्ही पद्धती गाळ कोणी आणला यापेक्षा पाणी किती काळ राहिले याला अधिक मान देतात, आणि तो मान मला रास्त वाटतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मळईत मुळे खोल जातात, मशागत सोपी असते, आणि भातानंतर वाल, चवळी, कलिंगड किंवा भाजीपाला घेता येतो. मात्र वाळूचा अंश जास्त असल्याने तिथे नत्र पावसाबरोबर खाली धुऊन जाते आणि सेंद्रिय पदार्थ लवकर कुजून संपतात, म्हणून खताचे हप्ते लहान व अधिक असावे लागतात आणि शेणखतात हात आखडता घेऊन चालत नाही. पाणथळीत पाणी उभे असताना लोहाशी बांधलेला स्फुरद सुटा होतो आणि भाताला तो सहज मिळतो, ही तिची मोठी देणगी आहे. पण डोंगरातून लोह घेऊन येणारा पाझर सतत लागत असेल, तर तेच लोह जास्त होऊन भाताची पाने तपकिरी ठिपक्यांनी भरतात. अशा वेळी खत वाढवण्यापेक्षा पायथ्याला चर काढून झऱ्याचे पाणी वळवणे अधिक उपयोगी पडते. सुपारी किंवा आंबा यांसारखी, मुळाशी पाणी साचलेले न सोसणारी झाडे पाणथळीत लावणे म्हणजे चार-पाच वर्षांची मेहनत बुडवणे होय.

निचरा हा जमिनीचा सर्वात महत्त्वाचा गुण आपल्या हातातल्या कागदांवर सापडत नाही. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र आणि पीक कळते, निचरा कळत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून बारा गोष्टी तपासल्या जातात, पण नमुना वरच्या वीतभर मातीचाच असतो. खाली तपकिरी आहे की राखाडी, याची तिथे नोंदच होत नाही. दोन्ही जमिनींच्या पत्रिका जवळपास सारख्या निघू शकतात.

मळई आणि पाणथळ यांच्यामधली सीमा बांधावर ठरलेली नसते. त्यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी काही खाचरांचा मधला पट्टा असतो, जिथे वरचे दोन हात तपकिरी असतात आणि गंजाचे ठिपके कमरेएवढ्या खोलीवर सुरू होतात. या पट्ट्यात वाल सर्वांत चांगला येतो असा माझा अनुभव आहे, कारण वर मुळांना हवा मिळते आणि खाली माघापर्यंत ओल टिकते. मात्र पेरणीआधी दरवर्षी एक खड्डा खणून ते ठिपके कुठून सुरू होतात ते मोजावे, कारण शेजाऱ्याने पाट बुजवला किंवा नदीने काठ तोडला, तर एका पावसाळ्यात ती ओल हातभर वर येऊ शकते. गंजाला उमटायला वेळ लागतो, पण खड्ड्याच्या तळाशी जमलेले पाणी त्याच दिवशी दिसते.