नाताळ फिका कसा झाला

गेल्या काही वर्षांत छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या फ्लॅटांमध्ये नाताळाची एक वेगळीच सजावट दिसू लागली आहे. झाड असतं, पण त्यावर लाल गोळे नसतात. मोतिया, गव्हाळ, बदामी, राखाडी अशा दबक्या रंगांचे लाकडी मणी, सुतळीचे तारे, कापडी फुलं, बस्स. सोफ्यावर खादीचे अभ्रे, टेबलावर तागाची पट्टी आणि खिडकीत पिवळसर उजेडाची एकच माळ. घरातल्या तरुणांना हे शांत वाटतं. ज्येष्ठांना सुनं सुनं वाटतं, आणि एखादी आजी विचारतेच, "सणासुदीला हे काय सुतक मांडलंय?"

दोघांच्याही म्हणण्यामागे इतिहास आहे. लाल-हिरवा म्हणजे जुनी परंपरा आणि पांढरा-बदामी म्हणजे इन्स्टाग्रामचं खूळ, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. ती टिकत नाही.

आधी झाडाचं बघू. नाताळच्या झाडाचा माग काढत गेलं की आपण ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात पोचतो. आज फ्रान्समध्ये असलेल्या सेलेस्टा गावाच्या १५२१ सालच्या हिशेबात, सणाच्या दिवसांत जंगलातली झाडं राखणाऱ्यांना दिलेल्या पैशांची नोंद सापडते. १६०५च्या सुमारास स्ट्रासबर्गच्या घरांत ही झाडं दिवाणखान्यात उभी केली जात. त्यांवर रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई टांगत, असं त्या काळच्या एका वर्णनात आहे. २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस. त्या दिवशीच्या नाटकांतलं सफरचंदांनी लगडलेलं झाडच पुढे घरात शिरलं, असं मानतात. म्हणजे मूळ झाड रंगीत होतं खरं, पण त्याच्यावरचं बरंचसं सामान सण संपल्यावर पोरांच्या पोटात जाणारं होतं.

बाकी युरोपने हे झाड उचललं ते राजघराण्यांकडे बघून. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी, तिचा जर्मन नवरा अल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं, आणि तिथल्या मध्यमवर्गाने झाड डोक्यावर घेतलं. तोवर जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरातल्या लाउशा गावचे काचकारागीर फुंकून केलेले काचेचे गोळे विकू लागले होते. आतून चांदीचा मुलामा दिलेले हे गोळे १८८० नंतर अमेरिकेच्या स्वस्त मालाच्या दुकानांत पोचले. झाडावरचं खाणं कमी झालं आणि चकाकणारं सामान वाढलं, ते तेव्हापासून.

लाल-हिरव्या जोडीला आधी निसर्गाचा आधार होता. उत्तर युरोपच्या हिवाळ्यात बरीचशी झाडं उघडी पडतात, तेव्हा हॉलीच्या झुडपाची पानं मात्र हिरवी राहतात आणि त्यावर लाल फळं लगडतात. उजाड दिवसांत जे जिवंत दिसलं ते लोकांनी घरात आणलं. या जोडीला पक्कं केलं ते मात्र छपाईने. पहिलं व्यापारी नाताळकार्ड १८४३ मध्ये लंडनला निघालं. पुढे रंगीत शिळाछापाची कार्डं लाखांनी खपू लागली आणि त्यावर हॉली, लाल झगा, हिरवं झाड हे ठरून गेलं. सांताचा लाल झगा एका शीतपेयाच्या कंपनीने शोधला असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. कोका-कोलासाठी हॅडन संडब्लॉमने १९३१ पासून काढलेल्या चित्रांनी तो झगा जगभर पोचवला, पण त्याच्या कितीतरी आधी तो लालच रंगवला जात होता.

चर्चच्या वेदीवरचा रंग आणखी निराळा. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या, चार आठवड्यांत तिथे जांभळं वस्त्र असतं. नाताळच्या रात्री ते उतरवून पांढरं किंवा सोनेरी घालतात. लाल रंग पवित्र आत्म्याचा आणि रक्तसाक्ष्यांचा; तो पेन्टेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला आणि अशा हुतात्म्यांच्या दिवशी येतो. म्हणजे नाताळचा धार्मिक रंग विचारला तर उत्तर पांढरा असंच येतं. दिवाणखान्यात पांढरं-सोनेरी झाड बघून नाक मुरडणाऱ्यांनी त्या रात्री वेदीकडे एकदा नजर टाकावी.

तरीही आजीचा प्रश्न वावगा नाही. आपल्या भागात पांढऱ्या लुगड्याला वैधव्याचा अर्थ चिकटलेला आहे आणि मंगलकार्यात पांढरं चालत नाही. त्याच मातीतल्या ख्रिस्ती लग्नात मात्र नवरी पांढरी साडी नेसते आणि ती साडी पुढे आयुष्यभर जपून ठेवते. नवरीच्या पांढऱ्या पोशाखाची चाल जगात रूढ झाली ती १८४० मध्ये व्हिक्टोरियाने स्वतःच्या लग्नात पांढरा झगा घातल्यावर. झाड आणि पांढरी नवरी, दोन्ही एकाच बाईच्या खाती! मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत त्यामुळे पांढऱ्याचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. नाताळच्या सजावटीवरून होणारी कुरबुर अर्धीअधिक त्यातूनच येते.

मराठवाड्यात नाताळ आधी आला तो छावण्यांमधून. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटचे तळ औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई इथे होते. हिंदुस्थानभरच्या छावण्यांत 'बडा दिन' आला की साहेबाचे नोकर बंगल्याच्या फाटकाला केळीचे खांब बांधत आणि झेंडूच्या माळा सोडत. सजावट करणारे हात इथले, त्यामुळे रंगही दसऱ्याचा. साहेबाच्या डोक्यात हॉली आणि दारात झेंडू, असा तो थाट असे.

मिशनचं काम १८६०च्या दशकात रुजलं. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रतनजी नवरोजी हे पारशी समाजातून आलेले पाद्री काम करू लागले. जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री आले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. तिथे आलेली बहुतेक कुटुंबं गावकुसाबाहेरची होती. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत बराच उशिरा, १९७७ मध्ये स्वतंत्र झाला.

या घरांमध्ये काचेचे गोळे कुठून येणार? नाताळची तयारी म्हणजे भिंतींना चुना, अंगणात सडा, दारात रांगोळी, आणि डब्यात करंज्या, शंकरपाळे, चकल्या. मराठवाड्याचं जुनं घर माळवदाचं, भिंती पांढऱ्या मातीच्या. त्यावर चुन्याचा हात फिरला की घर आपोआप आजच्या भाषेत 'न्यूट्रल' होत असे. पैसे घातले जात ते एकाच गोष्टीत, दारावरच्या चांदणीत.

ही चांदणी कशी होते ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्यायच्या. पाच-पाच कामट्यांचे दोन पंचकोनी तारे दोऱ्याने बांधायचे. मग दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून फक्त टोकं आवळायची आणि आतल्या पाच सांध्यांत बोटभर लांबीचे तुकडे आडवे अडकवायचे. त्याने मधला भाग फुगतो आणि चांदणीला पोट येतं. वर पतंगाचा कागद खळीने डकवायचा. मागची एक बाजू दिवा सोडायला उघडी ठेवायची. खळ ओली असताना कागद सैल दिसतो, वाळली की ढोलकीसारखा ताणला जातो. ज्याला दिवाळीचा आकाशकंदील जमतो त्याला ही जमतेच. कामट्या त्याच, हात तेच. मूळ कल्पना जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या शाळांतली. तिथे १८३०च्या दशकात भूमिती शिकवताना मुलांकडून कागदाचे बहुकोनी तारे करून घेत, आणि १८९७ पासून हर्नहुट गावात ते विक्रीसाठी बनू लागले. त्या पहिल्या ताऱ्यांतही पांढरा आणि लाल कागदच जास्त असे.

गव्हाणीचा देखावा १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो इथे संत फ्रान्सिसने मांडला, असं मानतात. त्याने खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. आपल्याकडे त्याची नक्कल करायला कष्टच नव्हते, कारण गोठा घराला लागूनच. बारदान खळीच्या पाण्यात बुडवून त्याचे डोंगर करायचे, खाली वैरण पसरायची, वर कापूस पिंजून बर्फ म्हणून टाकायचा. कापूस पिकवणाऱ्या परभणी-जालन्यात कापसाने बर्फाचं सोंग घ्यावं, याचं मला नेहमी हसू येतं. वेचणीच्या दिवसांत शिवारात तर खरोखरच पांढरं पसरलेलं असतं. बर्फाची आठवण काढायची गरजच काय?

याच सुमारास, डिसेंबर-जानेवारीत, लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडे येळवस असते. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करतात, आत दगडाचे पांडव चुन्याने पांढरे करून मांडतात आणि शेतातच जेवणं होतात. येळवशीचा आणि नाताळचा एकमेकांशी संबंध नाही, ओढूनताणून जोडायचाही नाही. पण चुना, कडबा आणि साधं मांडणं या रुचीला इथे तोटा नव्हता, एवढं त्यावरून कळतं.

मग लाल-हिरवा इथे आला कधी? घरोघरी म्हणाल तर १९९०नंतर. बाजार खुला झाला, चिनी प्लास्टिकचं झाड घडी करून माळ्यावर ठेवता येऊ लागलं, चमकीच्या दोऱ्या आणि लुकलुकणाऱ्या माळा जिल्ह्याच्या बाजारपेठेत ढिगाने मिळू लागल्या. त्याआधी झाड म्हणजे सुरूची फांदी, नाहीतर कुंडीतला अरोकेरिया हे सूचिपर्णी शोभेचं झाड. ज्यांच्या आई-वडिलांनी चुन्यावर सण काढला त्यांना हा झगमगाट म्हणजे आपलेही दिवस आले याची खूण वाटली, आणि तसं वाटण्यात काही चूक नव्हती. आजचा पन्नाशी-साठीचा माणूस 'परंपरा' म्हणून ज्याचा आग्रह धरतो ते बहुतेक या काळातलं असतं.

फिक्या रंगांची आजची लाट उत्तरेकडून आली. स्वीडनमध्ये तिसऱ्या गुस्ताव्हच्या काळात, १८व्या शतकाच्या शेवटी, फिकट राखाडी आणि दुधी रंगाच्या खोल्यांची शैली रुजली. तिथे हिवाळ्यात दिवस काही तासांचाच, त्यामुळे मिळेल तो उजेड भिंतींनी परतवावा ही गरज होती. नाताळला गव्हाच्या किंवा राय या धान्याच्या काड्यांचे तारे, बोकड आणि फिनलंडमधले हिम्मेली नावाचे टांगते झुंबर करत. तिथल्या शेतकऱ्याकडेही काडीच होती. अमेरिकेने मध्ये एकदा, १९५९च्या सुमारास, ॲल्युमिनियमची चंदेरी झाडं करून रंग टाळून पाहिला. सात-आठ वर्षांत ती फॅशन बसली. पुढे स्कँडिनेव्हियन धाटणीचं फर्निचर जगभर गेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये आयकिया या मूळच्या स्वीडिश फर्निचर कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान हैदराबादेत उघडलं, आणि नांदेड-लातूरकरांना हैदराबाद कधीच परकं नव्हतं. मग टाळेबंदी आली. माणसं महिनोन् महिने त्याच चार भिंतींकडे बघत बसली, फोनवर दुसऱ्यांच्या भिंती बघत राहिली. दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करणाऱ्या पॅन्टोन कंपनीने २०२५चा रंग म्हणून मोका मूस, म्हणजे दुधाळ कॉफीचा तपकिरी निवडला, तोवर बाजारात बदामी रंगाचीच चलती होती.

एक फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. उत्तरेत फिका रंग अंधाराशी झगडायला आला. मराठवाड्यात डिसेंबरात लख्ख ऊन असतं. दुपारी पांढरी भिंत डोळ्यांत खुपते आणि त्यावर पांढरी सजावट दिसतच नाही. म्हणून इथे हे रंग जमतात ते पोत असेल तर: खादीची गाठ, अंबाडीच्या वाखाचा खरखरीतपणा, लाकडाची रेघ. गुळगुळीत पांढरं प्लास्टिक दवाखान्यासारखं दिसतं. आजीचा आक्षेप तिथे शंभर टक्के मान्य. दिव्यांचंही तसंच. दुकानातली शुभ्र एलईडी माळ साधारण ६५०० केल्विनची, निळसर (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). तिच्या उजेडात बदामी रंग मेल्यासारखा दिसतो. २७०० केल्विनच्या आसपासची पिवळट माळ मागून घ्यावी लागते. खादीसाठी लांब जायला नको, नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजाच्या कापडासाठी देशभर ओळखली जाते.

अडतं ते काडीपाशी. खरिपाची ज्वारी जाऊन सोयाबीन आलं आणि सोयाबीनचं उरतं ते भुसकट. रब्बी ज्वारीचा कडबा हाती येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. नाताळात ती ज्वारी अजून शेतात उभी असते. गव्हाच्या काडीचा मळणीयंत्रात भुगा होतो, आणि हार्वेस्टर फिरला की रानात नुसते खुंट राहतात. ताऱ्यासाठी अखंड, गुळगुळीत, वीतभर काडी हवी असेल तर कुणाला तरी विळ्याने पेंढी कापून ठेवायला उन्हाळ्यातच सांगावं लागतं. तेवढं कोण करतो? म्हणून ज्वारीच्या या मुलखात भिंतीवरचा काडीचा तारा कुरिअरने येतो.