सोन्याचे बुलियन नाणे

ज्या नाण्याचा भाव त्यातल्या सोन्यावर चालतो, दुर्मिळपणावर किंवा त्यावर छापलेल्या आकड्यावर नाही, ते बुलियन नाणे. ते अधिकृत टांकसाळीत पाडले जाते, त्याचे वजन आणि कस आधीच जाहीर असतात. बहुतेक नाण्यांना चलनाचा दर्जाही असतो, पण तो नावापुरता. अमेरिकेच्या ‘गोल्ड ईगल’वर ५० डॉलर असे छापलेले असते आणि आत एक ट्रॉय औंस (सुमारे ३१.१ ग्रॅम) सोने असते, त्यामुळे ते दर्शनी किमतीला कोणी खर्चत नाही.

सोन्याची नाणी लिडियाच्या (आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन राज्य) क्रीसस राजापासून, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकापासून पाडली जात आहेत. पण सोन्याचे नाणे कोणत्या गुणावर चालते हे व्हेनिसच्या डुकॅटने सर्वांत स्पष्ट दाखवले. १२८४ मध्ये सुरू झालेल्या या साडेतीन ग्रॅमच्या, जवळजवळ चोख नाण्याचे वजन आणि कस पुढे शतकानुशतके टिकून राहिले, म्हणून परक्या बंदरांतही ते न तोलता घेतले जाई. आजच्या रूपातले ब्रिटिश सॉव्हरिन १८१७ पासूनचे: ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरट, चोख सोने ७.३२ ग्रॅम. ही सगळी मात्र चलनी नाणी होती. पहिल्या महायुद्धाने अशी नाणी बहुतांशी व्यवहारातून बाहेर काढली. १९३३ मध्ये अमेरिकेने नागरिकांकडचे बहुतेक सोने सरकारजमा करायला लावले आणि ही बंदी १९७४ च्या अखेरीपर्यंत टिकली.

केवळ सोने बाळगण्यासाठी असलेले आजच्या अर्थाचे पहिले नाणे म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे क्रुगररँड (१९६७). त्यातली खरी हुशारी दोन साध्या निर्णयांत होती. आत चोख सोने बरोबर एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम ठेवले, आणि दर्शनी किंमत छापलीच नाही. जागतिक बाजार औंसाचा भाव सांगतो, त्यामुळे नाण्यातल्या सोन्याची किंमत काढायला हिशेबच उरला नाही. १९७० च्या दशकात या नाण्याने बाजार काबीज केला. पुढे वर्णभेदी राजवटीवरील निर्बंधांमुळे १९८५ मध्ये अमेरिकेने त्याची आयात थांबवली. तोवर कॅनडाचे मेपल लीफ (१९७९) आणि चीनचे पांडा (१९८२) आलेलेच होते. त्यांच्यामागून १९८६ मध्ये ईगल, १९८७ मध्ये ब्रिटनचे ब्रिटानिया आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रियाचे फिलहार्मोनिक आले.

२२ कॅरटच्या नाण्यात सोने कमी भरते, हा नवख्या खरेदीदाराचा नेहमीचा गैरसमज. क्रुगररँड आणि ईगल या दोन्हींचे एकूण वजन ३३.९३ ग्रॅम असते. औंसभर सोने पुरेपूर असते आणि वरचे २.८३ ग्रॅम हीण वेगळे. क्रुगररँडमध्ये ते निव्वळ तांबे असते, म्हणून रंग लालसर. ईगलमध्ये चांदीही असल्याने रंग पिवळ्याकडे झुकतो. मेपल लीफ १९८२ पासून ९९९.९ कसाचे, म्हणजे हजारात ९९९.९ भाग सोन्याचे आहे. असे चोख नाणे दिसायला देखणे, पण इतके मऊ की नुसत्या हाताळणीने त्यावर ओरखडे पडतात. नाणी वारंवार हाताळायची असतील तर २२ कॅरट घेणे शहाणपणाचे.

या नाण्यांचे मोठे आकर्षण म्हणजे ती घरच्या घरी पारखता येतात. वजन, व्यास आणि जाडी ही तिन्ही मापे जाहीर असतात. ईगलचा व्यास ३२.७० मिमी, जाडी २.८७ मिमी. सोने इतके जड आहे की हलक्या धातूच्या नकलेला ही तिन्ही मापे एकाच वेळी साधत नाहीत. वजन जुळवावे तर नाणे जाड होते, आकार जुळवावा तर हलके पडते.

पाण्याची चाचणी याहून नेमकी. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. बारीक दोऱ्याला बांधलेले नाणे पूर्ण बुडेल पण तळाला वा काठाला टेकणार नाही असे धरावे. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे नाण्याचे घन सेंटिमीटरमधले आकारमान. ईगलला साधारण १.९१, मेपल लीफला १.६१ यायला हवे. ईगलच्याच वजनाचे पितळ ४ च्या आसपास जाईल, शिसे ३ च्या. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि अस्सल नाणे खोटे वाटते. नाणे हलकेच हलवून पुन्हा पाहावे. ते तळाला टेकले तर काट्यावर त्याचे वजनही येऊन मोजमाप फसते.

टंगस्टन हा जड धातू मात्र इथे चकवतो. त्याची घनता १९.२५, चोख सोन्याची १९.३२. त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेली टंगस्टनची चकती २४ कॅरटच्या नाण्याची बेमालूम जागा घेते. क्ष-किरण यंत्रही फक्त पृष्ठभाग वाचते. अशा वेळी ध्वनिलहरींचे यंत्र लागते. सोन्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर जातो, टंगस्टनमध्ये ५,००० हून जास्त. टांकसाळींनीही छापातच अटकाव घातले आहेत. मेपल लीफवर लेझरने कोरलेले सूक्ष्म पान असते, आणि २०२१ पासून ईगलच्या दातेरी कडेत एका जागी मुद्दाम खंड ठेवला जातो.

विकत घेताना सोन्याच्या भावावर अधिमूल्य, म्हणजे जादा रक्कम, द्यावे लागते. एक दशांश औंसाचे नाणे पाडायला एक औंसाच्या नाण्याइतकेच श्रम पडतात, म्हणून लहान नाण्यात अधिमूल्याचा वाटा मोठा. छोट्या रकमेत मोडता यावे एवढ्यासाठीच ती घ्यावीत. चकचकीत ‘प्रूफ’ नाणी संग्राहकांसाठी असतात; त्यांचे जादा पैसे विकताना परत मिळतीलच असे नाही. युरोपीय संघात १८०० नंतर पाडलेले, ९०० वा अधिक कसाचे, मूळ देशात चलन असलेले किंवा पूर्वी असलेले आणि सोन्याच्या किमतीपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त न चढणारे नाणे मूल्यवर्धित करातून (व्हॅट) सुटते.

नाणे कडेने धरावे, कठीण प्लास्टिकच्या डबीत ठेवावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात कालांतराने हिरवट चिकट थर बसतो. कधीकधी अस्सल नाण्यावरही तांबूस ठिपके उमटतात. ते तांब्याच्या सूक्ष्म कणांमुळे येतात आणि सोन्याचे प्रमाण त्याने घटत नाही. ते घालवण्यासाठी नाणे घासले तर बारीक ओरखडे पडतात, आणि ठिपक्यांपेक्षा त्या ओरखड्यांपायीच खरेदीदार भाव पाडून मागतो.