अंधाराच्या वाट्याला बावीस पायऱ्या

२९ एप्रिल २०१९, सोमवार. मुंबई-ठाण्यात त्या दिवशी लोकसभेच्या मतदानाची सुट्टी होती, पण मालिकावेडी मंडळी भल्या पहाटे उठली ती मतदानासाठी नव्हे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या पर्वातला ‘द लाँग नाइट’ हा भाग अमेरिकेत रविवारी रात्री नऊला लागला, त्याच वेळी म्हणजे आपल्या सकाळी साडेसहाला तो हॉटस्टारवर आला. ८२ मिनिटांचा भाग, जवळपास सगळी रात्रीची लढाई, चित्रीकरणाला ५५ रात्री. आणि तो पाहून झाल्यावर जगभरातल्या चाहत्यांची एकच ओरड: काही दिसलंच नाही! कोण मेलं, कोण वाचलं हे दुसऱ्या दिवशी बातम्या वाचून कळलं.

छायाचित्रणकार फेबियन वॅग्नर यांचं उत्तर असं होतं की अंधार मुद्दाम ठेवला आहे आणि बऱ्याच लोकांना टीव्हीचं सेटिंग नीट करता येत नाही. त्यांनी कॉम्प्रेशनकडेही, म्हणजे पाठवण्यासाठी चित्राची माहिती दाबून लहान करण्याकडेही, बोट दाखवलं होतं, पण मथळ्यात गेला तो टीव्हीच. झालं, चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे ‘दिग्दर्शकाचा माज’, दुसरा म्हणे ‘तुमचा टीव्ही स्वस्तातला’. हा वाद अजूनही अधूनमधून उकरला जातो. त्यात दोन्ही बाजू ज्या जागेबद्दल क्वचित बोलतात ती जागा स्टुडिओ आणि दिवाणखाना यांच्या मध्ये आहे. चित्र तिथे आकड्यांत कोंबलं जातं, आणि ही आकडेमोड उजेडाला जेवढी मानवते तेवढी अंधाराला मानवत नाही.

सुरुवात पायऱ्यांपासून करू. साध्या एचडी प्रक्षेपणात प्रत्येक ठिपक्याची उजळता ८ बिटांत लिहितात, म्हणजे ० ते २५५ असे आकडे. व्हिडिओच्या प्रमाणात त्यातला १६ म्हणजे पूर्ण काळा आणि २३५ म्हणजे पांढरा, म्हणजे हातात उरतात २१९ पायऱ्या. या पायऱ्या प्रकाशाच्या हिशोबात सारख्या उंचीच्या नसतात. टीव्ही संकेताचा साधारण २.४ वा घात करतो, त्याला गॅमा म्हणतात. संकेत १० टक्के असेल तर पडद्यावरचा प्रकाश १० टक्के नसतो, फक्त ०.४ टक्के असतो. रंगसंस्करणाच्या खोलीतला प्रमाण मॉनिटर पांढऱ्याला १०० निट (निट म्हणजे पडद्याच्या उजळतेचं एकक) देतो, तिथे हा प्रकाश झाला ०.४ निट. रात्रीच्या लढाईतला धूर, चिलखतं, घोड्यांची डोकी हे सगळं बहुतांशी या पातळीच्या आसपास आणि खाली असतं. आणि २१९ चे १० टक्के म्हणजे जेमतेम २२ पायऱ्या.

आता या पायऱ्यांची उंची पाहू. काळ्यापासून २२ व्या पायरीवरून २३ व्या पायरीवर गेलं की प्रकाश ११ टक्क्यांनी वाढतो. १० व्या वरून ११ व्या पायरीवर गेलं की २६ टक्क्यांनी. वर उजेडात, १८४ वरून १८५ वर जाताना, वाढ होते फक्त १.३ टक्के. चांगल्या उजेडात डोळ्याला एक-दोन टक्क्यांचा फरक कळतो. अंधारात तो जरा ढिला पडतो, पण ११ टक्के त्याच्याही नजरेतून सुटत नाहीत. म्हणून आकाशातला मंद चढता उजेड सलग न दिसता नकाशावरच्या उंचीरेषांसारखे पट्टे दिसतात. याला बँडिंग म्हणतात. १० बिटांत प्रत्येक पायरीचे चार तुकडे होतात आणि त्याच ठिकाणची उडी पावणेतीन टक्क्यांवर येते. पण २०१९ च्या त्या सकाळी चाहत्यांना मिळत होतं ते ८ बिटांचं साधं एचडी.

एवढ्यावर भागलं असतं तर पट्टे सोसून लढाई बऱ्यापैकी दिसली असती. खरी कत्तल पुढच्या टप्प्यात होते, आणि हा टप्पा मुळातून पाहण्यासारखा आहे.

१९२० बाय १०८० चं चित्र, सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), रंगाची माहिती आधीच छाटलेली, तरी सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट होतात. स्ट्रीमिंगने घरात येतात साधारण ५. म्हणजे १२० भागांतला एक भाग ठेवायचा आणि उरलेले ११९ टाकायचे. एच.२६४ सारखं कॉम्प्रेशनचं तंत्र हे कसं करतं? चित्राचे छोटे चौकोन पाडतं, उदाहरणार्थ ८ बाय ८ ठिपक्यांचे. प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांवर कोसाइन ट्रान्सफॉर्म करतात आणि पुन्हा ६४ च आकडे मिळतात, पण त्यांचा अर्थ बदलतो. पहिला आकडा चौकोनाची सरासरी सांगतो, उरलेले ६३ आकडे त्यातल्या लाटा: आधी संथ, मग बारीक, मग अगदी बारीक. इथपर्यंत काहीच हरवलेलं नाही, उलट गणित करून मूळ चित्र परत मिळतं.

हरवतं ते क्वांटायझेशनमध्ये. प्रत्येक आकड्याला एका ठरावीक टप्प्याने भागायचं, उत्तर पूर्णांकात आणायचं आणि फक्त तो पूर्णांक पाठवायचा. सुट्टे नसलेला भाजीवाला सगळा हिशोब दहाच्या पटीत करू लागला तर तीन रुपयांची कोथिंबीर फुकट जाते आणि सात रुपयांचं आलं दहाला पडतं, तसं. टप्पा किती मोठा हे क्यूपी नावाचा आकडा ठरवतो. तो ० ते ५१ असतो आणि ६ ने वाढला की टप्पा दुप्पट होतो. क्यूपी २८ असेल तर टप्पा १६, क्यूपी ३४ ला ३२.

समजा चौकोनात धुराची एक संथ लाट आहे, एका कडेला सरासरीपेक्षा २ पायऱ्या वर, दुसऱ्या कडेला २ खाली. ट्रान्सफॉर्म केल्यावर या लाटेचा आकडा येतो सुमारे ११.३. त्याला १६ ने भागलं की ०.७१. शाळेतल्या नियमाने याचा १ व्हायला हवा. पण शून्य पाठवायला जवळजवळ काहीच बिट लागत नाहीत, म्हणून एन्कोडर, म्हणजे हे कॉम्प्रेशन करणारा प्रोग्रॅम, शून्याच्या बाजूने झुकलेला असतो. एच.२६४ च्या संदर्भ एन्कोडरमध्ये मागच्या-पुढच्या चौकटींवरून बांधलेल्या चौकोनांसाठी पाच षष्ठांशाच्या, म्हणजे ०.८३ च्या, खालचं सगळं शून्य होतं. आपली लाट गेली. अंधारात दोन पायऱ्या वर-खाली म्हणजे वीस-पंचवीस टक्क्यांचा चढउतार, घोड्याची मान आणि मागचा धूर यांच्यातला फरक तेवढाच असतो. तो एका भागाकारात सपाट झाला.

आता उरली सरासरी. ८ बाय ८ चौकोनात तिचा आकडा सरासरीच्या आठपट असतो, म्हणून १६ चा टप्पा म्हणजे सरासरी दोन-दोन पायऱ्यांच्या उडीने बदलणार. शेजारच्या दोन चौकोनांची सरासरी काळ्यापासून २०.९ आणि २१.१ पायऱ्या आहे असं धरा. प्रकाशातला खरा फरक दोन टक्क्यांच्या थोडा वर, तो कुणाला कळला नसता. साधी पूर्णांकी केली तरी पहिला २० वर जातो, दुसरा २२ वर, आणि फरक होतो २६ टक्के! जिथे काहीच नव्हतं तिथे सरळ रेषेत कापलेली कड उभी राहिली. हीच दोन पायऱ्यांची उडी वर १८४ च्या आसपास घडली असती तर फरक अडीच टक्क्यांचा झाला असता आणि कुणी ओरडलं नसतं. क्यूपी तोच, एन्कोडर तोच, पण दिवसाचं दृश्य छान आणि रात्रीच्या दृश्याच्या फरशा. चौकोनांच्या कडा पुसणारा डीब्लॉकिंग फिल्टर एच.२६४ मध्ये असतो, पण त्याने कडांबरोबर उरलासुरला तपशीलही मेणासारखा वितळतो.

वाचक थोडा दमला असेल, पण एक गोष्ट सांगायची राहिली. हा भागाकार बहुतेक वेळा मूळ चित्रावर होत नाही, आधीच्या चौकटीवरून बांधलेला अंदाज आणि खरं चित्र यांच्यातल्या फरकावर होतो. भिंत स्थिर असेल तर अंदाज अचूक, फरक शून्य, खर्च शून्य. धूर, बर्फ, ठिणग्या आणि पळणारे हजारो सैनिक यांचा अंदाज बांधताच येत नाही. सगळीकडे फरकच फरक, बिट संपतात, एन्कोडर क्यूपी वाढवतो, टप्पा १६ चा ३२ होतो. ‘द लाँग नाइट’मध्ये अंधार, धुकं आणि हिमवादळ एकत्र आणलं होतं, कॉम्प्रेशनला छळायचं ठरवून कुणी दृश्य रचलं असतं तर ते असंच दिसलं असतं. यावर उपाय नाहीत असं नाही. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये अंधाऱ्या भागांना जास्त बिट देणारी पद्धत आहे. फिल्मसारखा बारीक दाणा मिसळला की पट्टे फुटतात, पण मग कॉम्प्रेशन पहिल्यांदा तो दाणाच खातं. म्हणून एव्ही१ या कॉम्प्रेशन तंत्रात दाणा काढून घेऊन त्याची फक्त कृती पाठवतात आणि टीव्ही तो घरी पुन्हा तयार करतो.

इथे चाहत्यांच्या एका लाडक्या उद्योगाबद्दल बोलायला हवं. स्क्रीनशॉट घ्यायचा, फोनवर उजळ करायचा आणि ‘हे बघा, मागे अमुक पात्र उभं आहे’ म्हणून फिरवायचा. सपाट झालेल्या चौकोनात माहिती उरलेलीच नसते. उजळ केल्यावर २० आणि २२ यांच्यातली खोटी कड तेवढी ठळक होते. त्या कडांतून मेंदू चेहरा जुळवतो, भिंतीवरच्या ओलीत देवाची आकृती दिसते त्याच सवयीने. भिंतीसमोर उदबत्ती लावणाऱ्याला हसायचं आणि फरशांवरून भाकीत करायचं, हे काही पटत नाही. असाच दुसरा भ्रम दुकानदार विकतात: सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल, म्हणे काळा अधिक काळा दिसतो. केबलमधून बिट जातात. ते पोचतात तरी, किंवा मग चित्रात चमकणारे ठिपके येतात, चित्र तुटतं, जातं. काळेपणा केबल ठरवत नाही.

टीव्हीकडे यायचं तर वॅग्नर यांच्या म्हणण्यात तथ्य होतंच. त्याआधी खोली बघा. खोलीत १०० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) उजेड आहे आणि पडदा त्यातला दोन टक्के परत फेकतो असं धरलं तर पडद्यावर सुमारे ०.६ निटचा उजेडाचा थर चढतो, आणि आपलं दृश्य होतं ०.४ निटचं. सकाळी साडेसहाला खिडकीसमोर फोन धरून पाहणाऱ्यांचं काय झालं असेल ते यातून कळेल. शिवाय स्वस्त आयपीएस प्रकारच्या एलसीडी पॅनेलचा काळा पूर्ण काळा नसतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याचं गुणोत्तर, १००० ला १ आणि पांढरा २५० निट असेल तर ‘काळा’ म्हणून पाव निट सतत झिरपत राहतो. व्हीए पॅनेल यापेक्षा तीन-चारपट बरं, ओएलईडीत ठिपका बंदच होतो.

सेटिंगचा क्रम असा ठेवा. पिक्चर मोड ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. इको मोड, खोलीतल्या उजेडाचा सेन्सर आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. हे तिघे अंधारं दृश्य किंवा खोलीतला उजेड पाहून स्वतःच्या अकलेने बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, खाली-वर करतात. मग खोली अंधारी असेल तर गॅमा २.४, दिवा लागलेला असेल तर २.२. आता सापळा: अनेक टीव्हींत ‘ब्राइटनेस’ हे बटण प्रकाश वाढवत नाही, काळ्याची पातळी उचलतं. प्रकाशासाठी ‘बॅकलाइट’ वेगळा असतो. काही नव्या टीव्हींत मात्र ‘ब्राइटनेस’ म्हणजेच बॅकलाइट आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’. काळ्याच्या चाचणीपट्ट्यांचं चित्र लावा आणि काळ्याच्या खालची पट्टी दिसणार नाही, वरची पहिली जेमतेम दिसेल तिथे थांबा. काही दिसत नाही म्हणून ब्राइटनेस ढकलत गेलात तर तपशील येत नाही, चौकोन मात्र येतात.

लॅपटॉप किंवा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडला असेल तर दोन्हीकडची रेंज जुळते का पाहा. बॉक्स ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्हीला १६ ते २३५ अपेक्षित आहे, असं झालं तर खालच्या सगळ्या पायऱ्या काळ्यात गडप. उलट झालं तर काळ्याची राख होते. टीव्हीत हा पर्याय ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा नुसता ‘ब्लॅक लेव्हल’ नावाने असतो. काही सोनी आणि एलजी टीव्हींत ‘स्मूथ ग्रेडेशन’ असतं, ते ‘लो’ वर ठेवलं की पट्टे मऊ होतात. ‘हाय’ वर चेहऱ्यांची इस्त्री होते. अ‍ॅपमधला डेटा सेव्हर बंद करा. भाग सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद बिटरेट (सेकंदाला येणारे बिट) कमी असतो, म्हणून पहिलंच दृश्य अंधारं असेल तर मिनिटभराने मागे जाऊन पुन्हा बघा. आणि ज्याला हाच भाग खरोखर पाहायचा आहे त्याने डिस्क शोधावी. साध्या ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. ४के डिस्कवर १० बिटांचं एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) असतं, उजळता आकड्यांत लिहिण्याच्या त्याच्या पीक्यू पद्धतीत जवळपास निम्मे आकडे १०० निटच्या खालच्या प्रकाशासाठी राखलेले असतात.

दोष कुणाचा हे चित्रावरूनच बऱ्यापैकी ओळखता येतं. सरळ कडांचे चौकोन दिसतात आणि दर काही सेकंदांनी सगळं चित्र हिसका दिल्यासारखं ताजंतवानं होतं, तर कॉम्प्रेशन. वळणदार पट्टे दिसतात पण हलत नाहीत, तर ठिपक्यामागचे बिट कमी. सगळीकडे करडी राख, तर पॅनेल, रेंज किंवा खोलीतला दिवा. आणि यातलं काहीच नाही, चित्र गुळगुळीत आहे पण माणूस आणि मागचा खडक एकाच रंगात बुडालेत, तर तो निर्णय स्टुडिओतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या सातव्या भागावर पुन्हा तोच गदारोळ झाला, तेव्हा एचबीओ मॅक्सने तक्रारदारांना कळवलं की मंद प्रकाश हा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. त्यातली समुद्रकिनाऱ्यावरची दृश्यं दिवसाउजेडी चित्रित करून रात्रीची भासवली होती, आणि यावेळी ४के आणि एचडीआर दोन्ही उपलब्ध होतं. दिवसाची रात्र करताना चित्र खाली ओढतात आणि निळसर करतात. चेहरा, वाळू, आकाश सगळं एकाच अरुंद पट्ट्यात येतं. त्याला बिट वाढवून, डिस्क आणून किंवा पडदे ओढून फरक पडत नाही. अशा वेळी रिमोट खाली ठेवावा आणि शिव्या सरळ दिग्दर्शकाला द्याव्यात.